घरातल्या चांदीच्या रुपयात चांदी किती?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कपाटातून एक लाल फडक्याची पुरचुंडी निघते. आत राणी छाप रुपये, राजाचे रुपये, एखादी अधेली, चार पावल्या, कुणीतरी बारशाला दिलेलं लक्ष्मी-गणपतीचं नाणं, असं सगळं एकत्र नांदत असतं. हळदकुंकू वाहून झालं की पुरचुंडी परत आत जाते. वर्षात ती दुसऱ्यांदा बाहेर आलीच तर दोन कारणांनी: घरात वाटणीचा विषय निघाला म्हणून, किंवा चांदीचा भाव कडाडला म्हणून. मग एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी येतो, ‘ही खरी चांदी का हो?’

हा प्रश्नच थोडा चुकतो. यातली बरीचशी नाणी खरी असतात, पण त्यांतली चांदी सारखी नसते. एकसारख्या दिसणाऱ्या, एकाच वजनाच्या दोन रुपयांत एकात १०.७ ग्रॅम चांदी असते आणि दुसऱ्यात ५.८ ग्रॅम. वाटणीत एकाला हा आणि दुसऱ्याला तो गेला, तर कुणी लबाडी न करताही एका भावाचं नुकसान होतं. म्हणून सराफाची पायरी चढण्याआधी घरच्या घरी तासाभराचं काम करून ठेवावं. लागतात तीन वस्तू: भिंग, लोहचुंबक आणि ऑनलाइन मिळणारा लहान डिजिटल काटा. काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्याचा इथे उपयोग नाही.

आधी साल वाचा

सरकारी नाण्यात कोणता धातू किती असावा हे कायद्याने ठरवलेलं असतं, त्यामुळे नाण्यावरचं साल म्हणजे निम्मं उत्तर.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे किती तरी रुपये चालत. प्रत्येकाचा कस निराळा, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी मोडताना सराफ बट्टा कापून घेत. नव्या रुपयाचं वजन ठरलं १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यातले बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. सराफी भाषेत बोलायचं तर हा ९१.७ टंचाचा रुपया. निव्वळ चांदी १६५ ग्रेन, म्हणजे १०.६९ ग्रॅम. तांबं घातलं ते काटकसर म्हणून नव्हे. निव्वळ चांदी मऊ असते, हातोहात फिरणारं नाणं तिचं केलं तर चार वर्षांत राजाचं नाक झिजून जाईल.

हे प्रमाण शंभर वर्षांहून अधिक काळ हललं नाही. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची सुरुवातीची एक-दोन वर्षं, या सगळ्यांचे रुपये एकाच कसाचे. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर ‘क्वीन’ असेल तर ते १८७७ च्या आधीचं आणि ‘एम्प्रेस’ असेल तर त्या सालापासूनचं. एडवर्डच्या रुपयावर मुकुट नसतो, बोडकंच डोकं असतं. एवढ्यावरून कुणी ते नाणं खोटं ठरवू नये. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम, चवली १.४६ ग्रॅम, कस तोच ९१.७. चांदीची चवली १९१७ पर्यंतच निघाली. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी चणचण झाली, की सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानासाठी विकली. त्यानंतर चवली तांबं-निकेलच्या मिश्रणातच निघाली, आणि पुढची दोन-तीन वर्षं पावली आणि अधेलीही त्या मिश्रणात निघाल्या. तेव्हा पाचव्या जॉर्जची १९१८ ते १९२१ मधली सुटी नाणी हाताला लागली तर ती चांदीचीच असतील असं धरून चालू नका.

खरी मेख १९४० मध्ये आहे. दुसरं महायुद्ध पेटलं, फ्रान्स पडला, आणि आपल्याकडे लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात भरायला सुरुवात केली. जून १९४० मध्ये गरजेपेक्षा जास्त रुपये जमवणं सरकारने गुन्हा ठरवलं. त्याच वर्षी सुट्या नाण्यांचा आणि वर्षअखेरीला रुपयाचा कस एकदम निम्म्यावर आणला. नव्या रुपयात चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. वजन तेच ११.६६, चेहरा त्याच सहाव्या जॉर्जचा. बदल झाला तो काठावर. बनावट नाण्यांना आळा बसावा म्हणून नव्या रुपयाच्या कंगोरेदार कडेवर मधोमध एक खाच फिरवली. रुपया उभा धरून उजेडात फिरवला की ती दिसते. जुन्या रुपयाच्या कडेवर सरळ कंगोरे असतात, बाकी काही नाही. पुढे १९४१ ते १९४३ या काळात जुने चांगल्या कसाचे रुपये क्रमाक्रमाने चलनातून बाद केले. सरकारला ती चांदी परत हवी होती. लोकांनी ती दिली नाही, म्हणून तर आज तुमच्या पुरचुंडीत राणी आहे.

तेव्हा घरात दोन वाट्या ठेवा. १९३९ पर्यंतची नाणी एका वाटीत, १९४० ते १९४५ ची दुसऱ्या वाटीत. १९४० सालची सुटी नाणी संक्रमणाच्या वर्षातली आहेत, ती वेगळी काढून सराफाकडून तपासून घ्या. आणि १९३९ सालचा रुपया निघाला तर लगेच हुरळून जाऊ नका. तो अतिशय दुर्मीळ आहे हे खरं, पण म्हणूनच बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत. एखाद्या अंकाची कड भिंगाखाली खरवडल्यासारखी दिसली, बाकीच्या अंकांपेक्षा उंची वेगळी वाटली, तर दुसऱ्याच सालाचा आकडा कोरून बदललेला असू शकतो.

१९४६-४७ च्या पावल्या-अधेल्या आणि १९४७ चा वाघाचा रुपया यांत चांदी औषधालाही नाही, ते शुद्ध निकेल. १९५० चा अशोकस्तंभाचा रुपयाही निकेलचाच. चकाकी छान असते, वजनही भरतं, त्यामुळे आजीने ते चांदीचे म्हणून जपलेले असतात. इथे लोहचुंबक कामाला येतो: निकेलचं नाणं पटकन चिकटतं, चांदीचं चिकटत नाही. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं नाही. जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही, पितळही नाही, शिसंही नाही. चुंबक फक्त नापास करतो, पास करत नाही.

मराठवाडा आणि गोवा

निजामाच्या मुलखातल्या घरांत, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडे, चारमिनारचा रुपया हमखास सापडतो. हा हाली रुपया. त्याला कलदाराचा, म्हणजे इंग्रजी रुपयाचा हिशेब लावू नका. त्याचं वजन ११.१८ ग्रॅम आणि कस ८१.८ टंच, म्हणजे आत जवळपास ९.१५ ग्रॅम चांदी. जुनी माणसं सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब करत. दोन्हींतली चांदी भागून पाहा, जवळपास तोच आकडा येतो. त्या हिशेबाच्या मागे धातू होता. याच्यावर साल हिजरी असतं आणि अंक उर्दू वळणाचे. १३२९ हिजरी म्हणजे इसवी सनाचं १९११. निजामाच्या शेवटच्या काळातल्या रुपयातही युद्धात चांदी कमी केली होती, त्यामुळे १३६० च्या पुढचं हिजरी साल असेल तर ते नाणं तपासल्याशिवाय जुन्या हालीत मिसळू नका.

गोव्यात पोर्तुगीजांचा ‘रुपिया’ सापडतो. १८८१ चा राजा लुईशचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा आहे, कारण १८७८ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला होता. नंतरच्या रुपियांमध्ये वजनही बदललं आणि कसही. त्यांना हा हिशेब सरसकट लावू नका.

स्वतंत्र भारताची चांदी

गांधीजींच्या जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं, ज्यावर १८६९-१९४८ असं लिहिलंय, ते १५ ग्रॅमचं आणि ८० टंचाचं, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १९७२ चं १० रुपयांचं नाणं दिसायला मोठं, वजन २२.५ ग्रॅम, पण कस निम्मा, म्हणून चांदी ११.२५ ग्रॅम. मोठ्या नाण्यात कमी चांदी. आकारावर जाणाऱ्यांची फसगत होते ती अशी. पुढच्या बहुतेक चांदीच्या स्मारक नाण्यांत तेच १९४० चं मिश्रण चालू राहिलं: ५० चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या निमित्ताने निघालेलं ७५ रुपयांचं ३५ ग्रॅमचं नाणंही याच मिश्रणाचं. टांकसाळीची ही नाणी धातूच्या किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने मिळतात. हौस म्हणून जरूर घ्या, चांदीतली गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

नेहरूंच्या स्मरणार्थ १९६४ साली निघालेला रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे आहेत. तेवढं सांगून पुढे जातो.

मग वजन

पूर्वीचा तोळा आणि इंग्रजी रुपया ही एकच गोष्ट होती. रुपयाच तोळ्याचं माप म्हणून वापरत, आणि असे ८० रुपये तागडीत घातले की एक शेर होई. आज मात्र पेढीवर तोळा म्हटलं की १० ग्रॅम. या दोन तोळ्यांच्या फटीतून बरीच खोटी राणी आत शिरली आहे. काही कारागीर राणी छापाचा साचा करून १० ग्रॅमची नाणी पाडतात. ती चांदीची असतात, क्वचित खऱ्या रुपयापेक्षा चांगल्या कसाचीही असतात, पण ती १८७७ ची नाहीत, कालच्या आटणीतली आहेत. काट्यावर १०.०० ग्रॅम असा गोल आकडा आला तर ती हमखास नवी. खरा वापरलेला रुपया झिजून साधारण ११.४ ते ११.६ च्या दरम्यान भरतो. नऊ-साडेनऊ भरला तर चांदीचा मुलामा दिलेलं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. किल्ल्याच्या पायथ्याशी आणि जत्रेत ‘शेतात सापडलं’ म्हणून विकतात ते हेच.

माळेतल्या रुपयाला कडी लावलेली असते. डाक आणि कडीचं वजन त्यात धरलं जातं, म्हणून असं नाणं ११.८ किंवा १२ भरलं तर घाबरू नका. पण कडी लावलेलं, भोक पाडलेलं किंवा डाक काढून घासलेलं नाणं संग्राहकाच्या कामाचं राहत नाही. त्याचा भाव चांदीचाच.

पाण्याची परीक्षा

वजनानंतर माझा सगळ्यात जास्त विश्वास पाण्यावर आहे. ॲसिड नको, घासाघीस नको, नाण्याला ओरखडा नाही, आणि शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व एकदाचं उपयोगी पडतं.

काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटणार नाहीत. आता काटा शून्यावर आणा. रुपया शिवणाच्या बारीक दोऱ्यात अडकवा आणि हाताने धरून पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला आणि कडेला टेकता कामा नये. हात थरथरतो, म्हणून काट्याच्या दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती रचून त्यांवर पेन्सिल आडवी ठेवावी आणि दोरा तिलाच बांधावा. काट्यावर जो आकडा स्थिरावेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याचं कोरडं वजन त्या आकड्याने भागा.

पूर्ण वजनाचा, १९३९ पर्यंतचा रुपया पाण्यात १.१३ च्या आसपास दाखवतो. भागाकार १०.३ येतो. १९४० पासूनचा निम्म्या कसाचा रुपया १.२२ दाखवतो आणि भागाकार ९.५ येतो. निकेल, जर्मन सिल्व्हर, पितळ यांचा आकडा १.३० च्या वर जातो आणि भागाकार ८.५ ते ८.९ मध्ये पडतो. गांधीजींचं १५ ग्रॅमचं नाणं १.४८ च्या जवळ, भागाकार १०.१. शुद्ध चांदीच्या लक्ष्मीच्या नाण्याचा भागाकार १०.५ यायला हवा. भागाकार ११ च्या वर गेला तर आत शिसं आहे असं खुशाल समजा.

या परीक्षेची ताकद ओळखून वापरा. शंभराव्या भागाच्या काट्यावर एका अंकाचा फरक पडला तरी भागाकार ०.१ ने हलतो. त्यामुळे ९१.७ टंच की ५० टंच हे ती निःसंशय सांगते, ९१.७ की ९० हे सांगू शकत नाही. चवली-पावलीसारखी लहान नाणी एकेक तोलू नका, एकाच जातीची पाच-सहा एकत्र बांधून बुडवा. कडी लावलेल्या नाण्याला हा हिशेब चालत नाही. झिजलेल्या नाण्याला मात्र चालतो. झिजेमुळे वजन कमी होतं, धातू बदलत नाही.

नाणं वाजवून पाहायची जुनी पद्धत वाईट नाही. बोटाच्या टोकावर आडवा धरून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकी द्या. चांगल्या कसाचा रुपया लांबवर, बारीक, टिकणारा आवाज देतो. निम्म्या कसाचा लवकर विझतो. शिशाचा तर थपकन बसतो. पण कान तयार व्हायला शंभर नाणी वाजवावी लागतात आणि तेवढी कुणाकडे नसतात. फरशीवर आपटून वाजवू नका. कडेला खोक पडते.

सराफाकडे काय होतं

सराफ पूर्वी काळ्या कसोटीच्या दगडावर नाण्याची रेघ ओढून त्यावर ॲसिड लावत. अजूनही काही पेढ्यांवर हे होतं. आता बऱ्याच ठिकाणी एक्स-रे वापरणारं यंत्र असतं, त्याला कॅरेटोमीटर म्हणतात. नाणं खिडकीवर ठेवलं की अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर चांदी, तांबं, निकेल, जस्त अशी टक्केवारी येते. ओरखडा नाही, खर्चही फारसा नाही. पण हे यंत्र नाण्याचा वरचा अगदी पातळ थरच पाहतं, हे विसरू नका. जाड मुलामा दिलेलं नाणं तिथे उत्तम गुण मिळवून येतं. शिवाय नाणी पाडताना तबकड्या तापवून आम्लात उजळवत, त्यात वरवरचं तांबं निघून जाई आणि पृष्ठभागावर चांदी दाटे. म्हणून न वापरलेल्या १९४० पासूनच्या रुपयावर यंत्र ५० ऐवजी जास्त आकडा दाखवू शकतं. हेच नाणं झिजलं की उंच भागांवर, राजाच्या गालावर आणि मुकुटावर, पिवळट-मातकट रंग उघडा पडतो. नुसत्या डोळ्यांनी निम्मा कस ओळखायची ही सोपी खूण. यंत्राचा आकडा आणि पाण्याचा भागाकार दोन्ही जुळले तर शंकेला जागा उरत नाही.

हिशेब साधा आहे: वजन गुणिले कस गुणिले त्या दिवसाचा चांदीचा भाव. चांदीचा भाव किलोचा सांगतात, त्याला १००० ने भागून ग्रॅमचा करा. समजा तुमच्याकडे एडवर्डचे दहा रुपये आहेत आणि एकत्र वजन ११५ ग्रॅम भरलं. ११५ गुणिले ०.९१७, म्हणजे १०५.५ ग्रॅम चांदी. सहाव्या जॉर्जचे १९४४ चे दहा रुपये, वजन ११६ ग्रॅम, तर चांदी ५८ ग्रॅम. ही वीस नाणी एकत्र तागडीत टाकली आणि ‘जुनी नाणी, ६० टंच धरतो’ असं कुणी म्हटलं, तर २३१ ग्रॅमचे १३८.६ ग्रॅम धरले गेले. खरे होतात १६३.५. पंचवीस ग्रॅमचं नुकसान केवळ वाट्या वेगळ्या न केल्यामुळे. आटणीची घट आणि मजुरी सराफ कापणारच, तो त्याचा धंदा आहे. ती किती टक्के हे आधी विचारून घ्या.

संग्राहकाची किंमत

इथे माझं मत थोडं रोखठोक आहे. समाजमाध्यमांवर ‘व्हिक्टोरियाचा रुपया असेल तर लखपती व्हा’ छापाचे जे व्हिडिओ फिरतात ते बघण्यात वेळ घालवू नका. व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जचे बहुतेक सालांचे रुपये कोट्यवधींनी पाडलेले आहेत. झिजलेल्या रुपयाला धातूच्या वर फारसं काही मिळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तर रिझर्व्ह बँकेलाच जाहीर सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काही संबंध नाही आणि बँकेच्या नावाने कुणी शुल्क वा कर मागितला तर देऊ नये. ‘विक्रीआधी नोंदणी फी भरा’ म्हणणारा प्रत्येक माणूस चोर समजावा. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याची गोष्ट सांगणारा तर दुप्पट. ईस्ट इंडिया कंपनीचा छाप असलेली राम दरबाराची आणि हनुमानाची नाणी कंपनीने कधी पाडलीच नव्हती.

तरीही काही नाणी मोडीत काढण्याआधी जाणकाराला दाखवावीत. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया त्यांतला एक. राजाच्या झग्यावरच्या हत्तीचं चित्र बुटकं आलं, लोकांना त्यात डुक्कर दिसलं, बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. १८३५ आणि १८४० ची कंपनीची नाणी, मराठेशाहीतले आणि संस्थानांचे रुपये, आणि कोणत्याही सालाचं अगदी न वापरल्यासारखं, राजाच्या केसांची रेघ न् रेघ दिसणारं नाणं, हेही वेगळे ठेवा. नाणी पाहायची, शिकायची असतील तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. दोन्हीकडे मुलांना घेऊन जाण्यासारखं.

उजळवू नका

चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, टूथपेस्ट, रांगोळी. आपल्याकडे चांदी उजळवायचे उपाय पुष्कळ आहेत आणि ते सगळे ताट-वाटीसाठी ठीक आहेत. नाण्याला यांतलं काहीही लावू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर काळसर थर येतो. तो नाण्याचं काही बिघडवत नाही, उलट जाणकार तो थर पाहूनच नाणं हाताळलेलं नाही हे ओळखतात. घासलं की बारीक ओरखडे पडतात आणि ते कायमचे. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून नाणं भिजत ठेवा, चोळू नका, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. पूजेसाठी एक साधा झिजलेला रुपया ठरवून ठेवा; पंचामृत, हळद, कुंकू त्याच्याच वाट्याला जाऊ द्या. बाकीची नाणी रबरबँड लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. रबरात गंधक असतं आणि पीव्हीसीची पिशवी काही वर्षांत हिरवट चिकट पाणी सोडते.

नवी लक्ष्मीची नाणी

धनत्रयोदशीला घेतलेल्या नाण्यावर ९९९ असा आकडा असतो. तो कुणी मारला हे महत्त्वाचं. आकडा कुणीही मारू शकतो, पावतीवर तो लिहून द्यायला मात्र सगळे तयार नसतात. चांदीचा हॉलमार्क आपल्याकडे अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यांना आणि वस्तूंनाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक मिळतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो. नाणं घेताना पावतीवर वजन, शुद्धता आणि परत घेण्याचा भाव, तिन्ही लिहून घ्या.

कायद्याच्या तीन गोष्टी

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत, दुबईत असलेल्या लेकीला आजीचा राणी छाप रुपया सामानात घालून देऊ नका. विमानतळावर ती अडचणीत येईल. शेत नांगरताना किंवा वाडा पाडताना नाण्यांचा साठा सापडला तर तो १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कायद्यात १० रुपयांवरचा ऐवज म्हटलंय, म्हणजे आज जवळपास कोणताही. आणि चलनातलं नाणं वितळवणं गुन्हा आहे.

विकायचं ठरलंच तर जाण्याआधी कागदावर यादी करा: साल, राजा, वजन, पाण्याचा भागाकार. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. किमान दोन पेढ्यांवर विचारा. नाणी तुमच्या डोळ्यांसमोर तोलली आणि तपासली जावीत, आत नेऊन नव्हे. १९३९ पर्यंतची आणि नंतरची वेगळी धरायला जो तयार नसेल, त्याच्याकडून नाणी परत घ्या आणि पुढच्या पेढीवर जा.